मेडिकलवाल्या भाऊने लस टोचली तर चालते का?

अमेरिकेत मुलाकडे चार-सहा महिने राहून परतलेली आपल्याकडची मंडळी हल्ली एक किस्सा हमखास सांगतात. औषधाच्या दुकानात गेलो, आडोशाला खुर्चीवर बसवलं, दुकानातल्याच माणसाने दंडात फ्लूची लस टोचली आणि दहा मिनिटांत मोकळे झालो. डॉक्टर नाही, नंबर लावणं नाही. मग प्रश्न येतो: आपल्या जळगावात, धुळ्यात, शहाद्यात असं का नाही? मेडिकल तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहे.

इकडे वेगळंच चित्र आहे. शेतात पायात खिळा घुसला, केळीचा घड कापताना हाताला विळा लागला, की माणूस दवाखान्याऐवजी आधी ओळखीच्या मेडिकलवर जातो. ‘भाऊ, तेवढं टीटीनं इंजेक्शन मारी दे.’ आणि काही दुकानांत ते मारलंही जातं, पडद्यामागे, बिलाशिवाय. म्हणजे तिकडे जे काम राजरोस चालतं, तेच इकडे चोरून चालतं.

थोडक्यात उत्तर असं: भारतात मेडिकलवाला लस ठेवू शकतो, डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकू शकतो, पण स्वतःच्या अधिकारात टोचू शकत नाही. हे उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा ‘काहीतरीच कायदे’ असा होतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका टोचणीमागे तीन कामं

लस घेणं आपल्याला एकच कृती वाटते. कायदा तिच्यात तीन कामं पाहतो.

पहिलं काम ठरवण्याचं. या माणसाला ही लस द्यायची का, आज द्यायची का, किती डोस, किती अंतराने? त्याला आधी कशाची ॲलर्जी झाली होती का, अंगात ताप आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, बाई गरोदर आहे का? दुसरं काम लस नीट साठवून, तपासून हातात देण्याचं. तिसरं काम सुई टोचण्याचं आणि टोचल्यानंतर काही झालं तर सांभाळण्याचं.

आपल्या कायद्याने पहिलं काम डॉक्टरला दिलं आहे. दुसरं फार्मासिस्टला. तिसरं डॉक्टरला, किंवा त्याच्या सूचनेवरून नर्सला. सरकारी लसीकरणात एएनएम, म्हणजे आपल्या उपकेंद्राच्या नर्सबाई, टोचतात. त्यांच्यामागेही सरकारी कार्यक्रमाचं ठरलेलं वेळापत्रक, प्रशिक्षण आणि वैद्यकीय अधिकारी असतो.

इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर मिळते, फ्यूज मिळतो, दुकानदाराला जोडणीही येत असते. तरी डीपीवर चढायचं ते वायरमननेच. दुकानदाराला अक्कल कमी आहे म्हणून नव्हे. डीपीवर काही झालं तर जबाबदार कोण, हे आधीच ठरलेलं असावं म्हणून. लसीचंही तसंच आहे.

दुकानाचं लायसन्स काय सांगतं

मेडिकलच्या भिंतीवर फ्रेममध्ये कागद लावलेले असतात. आपण कधी वाचत नाही. एकदा वाचून पाहा. साधारणपणे तिथे दोन लायसन्स दिसतात, फॉर्म २० आणि फॉर्म २१. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. फॉर्म २० वर नेहमीची औषधं विकता येतात. लसी, सीरम, इन्सुलिन अशी जैविक औषधं ‘शेड्यूल सी’ आणि ‘सी-१’ या याद्यांत येतात. ती विकायला फॉर्म २१ लागतो. ही लायसन्स अन्न व औषध प्रशासन देतं. आपण त्याला एफडीए म्हणतो.

दुसरी यादी ‘शेड्यूल एच’. तिच्यातली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विकता येत नाहीत. कावीळ-बी, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस या यादीत नावानिशी आहे. आणि चिठ्ठीवरचं औषध द्यायचं तेही नोंदणीकृत फार्मासिस्टने, किंवा तो समोर उभा राहून देखरेख करत असताना.

फार्मासिस्टचा कायदा वेगळा आहे, १९४८ चा फार्मसी ॲक्ट. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं, मिसळणं, देणं हे फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टने करावं, हा त्याचा गाभा. २०१५ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स’ आणले. रुग्णाला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, असं त्यात म्हटलं. ही चांगली पायरी होती. पण ‘प्रौढांना स्वतःहून लस टोचा’ अशी मुभा यांपैकी कुठेच दिलेली नाही.

दुसऱ्या बाजूने वैद्यकीय कायदे आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्राचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदाही आहे. लस द्यायची की नाही हे ठरवणं आणि टोचणं हे उपचाराचं काम मानलं, तर फार्मासिस्ट या कलमांच्या कक्षेत येऊ शकतो.

‘कोविडच्या वेळी चाललं ना?’

हा आक्षेप मेडिकल असोसिएशनच्या कुठल्याही बैठकीत पहिला येईल, आणि तो पोकळ नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने कोविड लसीकरणाच्या ज्या सूचना काढल्या, त्यात लस टोचणाऱ्यांच्या यादीत डॉक्टर, स्टाफ नर्स, एएनएम यांच्या जोडीला फार्मासिस्टचंही नाव होतं. म्हणजे फार्मासिस्टच्या हातात सुई देणं सरकारला अशक्य वाटत नव्हतं.

पण ती सुई कुठे दिली होती तेही पाहायला हवं. लसीकरण केंद्रावर पाच जणांची टीम. एक गेटवर, एक कागदपत्रं तपासायला, एक टोचायला, दोघं गर्दी सांभाळायला आणि टोचलेल्यांवर लक्ष ठेवायला. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं बंधनकारक. त्रास झाला तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते आधी ठरलेलं. नोंद संगणकावर. ती मुभा एका मोहिमेपुरती होती आणि मोहिमेच्या चौकटीत होती. मोहीम संपली, ती कुठल्या कायद्यात उतरली नाही. मला वाटतं तिथे एक संधी हुकली. अनुभव गोळा झाला होता, कागदावर आणायला हवा होता.

मग तिकडे कसं चालतं?

अमेरिकेत औषध दुकानांचे कायदे राज्यागणिक वेगळे. पण २००९ पर्यंत पन्नासही राज्यांनी फार्मासिस्टला लस टोचायची परवानगी दिली होती. आयर्लंडने २०११ मध्ये फ्लूपासून सुरुवात केली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१५ पासून औषध दुकानांतून प्रौढांना फ्लूची लस द्यायला घेतली.

आपल्याकडे ही उदाहरणं देताना सोयीचं तेवढंच सांगतात. परवानगीच्या मागे काय बांधलेलं आहे ते राहून जातं. फार्मासिस्टला टोचण्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, माणूस कोसळला तर छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं, म्हणजे सीपीआरचंही. अनेक ठिकाणी डॉक्टरने आधीच सही करून ठेवलेला एक लेखी आदेश असतो: अमुक वयाच्या, अमुक तक्रारी नसलेल्या माणसाला अमुक लस द्या, अमुक लक्षण असेल तर देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. म्हणजे पहिलं काम, ठरवण्याचं, पूर्णपणे दुकानावर सोडलेलं नाही. ते कागदावर आधीच करून ठेवलं आहे. काही राज्यांत फार्मासिस्टला स्वतः ठरवायचाही अधिकार आहे, पण तोही ठरावीक लसी आणि ठरावीक वयापुरता. वर नोंद ठेवा, त्रास झाला तर कळवा, हे आहेच.

या चौकटीची दुसरी बाजू २०२५ मध्ये दिसली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी फार्मासिस्टचा अधिकार केंद्राच्या एका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीला जोडला होता. त्या वर्षी कोविड लसीच्या मान्यतेचा आणि शिफारशींचा घोळ झाला. ऑगस्टच्या शेवटी मोठ्या साखळी दुकानांनी काही राज्यांत डॉक्टरची चिठ्ठी मागायला सुरुवात केली, काही ठिकाणी लस देणंच थांबवलं. फार्मासिस्ट तोच, सुई तीच, लसही फ्रीजमध्ये. पण समितीचा कागद नव्हता म्हणून हात बांधले गेले. मग काही राज्यांनी घाईघाईने आपापले नियम बदलले. आपण कधी असा कायदा केला, तर अधिकार कुणाच्या सहीला बांधायचा याचा विचार करताना हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवावं लागेल.

‘टीटीच तर आहे, त्याने कोणाचं काय होतं?’

बहुतेकांचं काहीच होत नाही. दंड दोन दिवस दुखतो, एखाद्याला कणकण येते. लसी सुरक्षित आहेत, याबद्दल शंका नको. (टीटी आपण सवयीने म्हणतो, सरकारी दवाखान्यात आता धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींपासून बचाव करणारी ‘टीडी’ देतात.)

प्रश्न लाखांत एखाद्याचा आहे. कुठल्याही लसीनंतर फार क्वचित, साधारण दहा लाखांत एखाद्याला, तीव्र ॲलर्जीचा झटका येतो. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब झपाट्याने खाली जातो. हे बहुधा काही मिनिटांतच घडतं. त्यावर औषध एकच, मांडीच्या स्नायूत लगेच ॲड्रेनलिन. ते त्या जागी, भरलेलं आणि द्यायला येणारा माणूस जवळ असला तर रुग्ण सहसा वाचतो. काउंटरवर गर्दी आहे, भाऊ एकटा आहे, ॲड्रेनलिन कुठल्या खणात आहे आठवत नाही, अशा वेळी ती मिनिटं निघून जातात. त्याहून खूप जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे चक्कर. तरुण, धडधाकट माणूस सुई पाहून उभ्या जागी कोसळतो आणि दुकानाच्या पायरीवर डोकं आपटतं. सुई खांद्यावर फार वर टोचली तर सांधा महिनोन् महिने दुखत राहतो, तेही आहे.

इथे कायद्याचा एक बारकावा मेडिकलवाल्यांनी जरूर वाचावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. हेच नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना घडलं तर कमाल शिक्षा दोन वर्षं. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरलाच आहे. फार्मासिस्टला नाही. पन्नास रुपयांच्या इंजेक्शनसाठी, तेही ओळखीखातर, भाऊ एवढी जोखीम पत्करतो आणि बहुधा त्याला ती माहीतही नसते.

आणखी एक, सुईचं काय करायचं? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लसीकरण शिबिरंसुद्धा येतात. वापरलेली सुई टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, काचेची बाटली निळ्यात, सिरिंज लाल पिशवीत. मग तो कचरा अधिकृत केंद्राकडे. पडद्यामागे टोचलेली सुई जाते ती दुकानाच्या कचऱ्यात, आणि तिथून घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला.

मे महिना, भारनियमन आणि लसीची बाटली

टोचण्याच्या वादात साठवण मागे पडते. आपल्या भागात खरं तर तीच आधी बोलायला हवी. जवळपास सगळ्या लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. भर दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि काउंटरचा दिवा, तर फ्रीजचं काय?

गरमीने लस बिघडते हे सगळ्यांना कळतं. गोठल्यानेही बिघडते, हे कमी जणांना माहीत असतं. कावीळ-बी आणि टीडीची लस एकदा गोठली की वाया गेली, वितळून पुन्हा पाण्यासारखी दिसली तरी. म्हणून ‘फ्रीजरमध्ये ठेवली होती, एकदम थंड आहे’ हे ऐकून खूश होऊ नका. बर्फाच्या खड्याला थेट चिकटवून नेलेली बाटलीही तशीच.

सगळ्यात कच्चा दुवा आपणच असतो. चिठ्ठी घेऊन मेडिकलवरून लस आणायची, शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत टाकायची, वाटेत बँकेचं काम करायचं आणि तासाभराने डॉक्टरकडे पोचायचं. नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतर दोन डोस, प्रत्येकाची किंमत हजारांत. असं महागडं औषध डिकीत शिजवायला आणायचं का? डॉक्टर आपल्या रुग्णांसाठी लस स्वतःकडे ठेवू शकतात, कायद्यात तशी सूट आहे. ते शक्य नसेल तर डॉक्टर दवाखान्यात बसल्याची खात्री करून मगच दुकानातून घ्या आणि आइसपॅकच्या डब्यातून थेट न्या.

‘आमच्याकडे डॉक्टरच नाही, त्याचं काय?’

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरून आरोग्य केंद्र गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. बाजारच्या गावात मेडिकल मात्र असतं, रात्री नऊपर्यंत उघडं. सरकारचा लसीकरण कार्यक्रम मुलांचा आणि गरोदर बायांचा आहे. पन्नाशीच्या मधुमेही माणसाला फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस घ्यावी असं कुणी सांगत नाही, सांगितलं तर ती घ्यायची कुठे हा प्रश्न. प्रशिक्षित फार्मासिस्टला मुभा दिली तर या लोकांचा फायदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग अडलंय कुठे? डॉक्टरांच्या विरोधाकडे बोट दाखवणं सोपं आहे. थोडं आपल्या दुकानांकडेही पाहू या. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार खान्देशात कुणाला सांगायला नको. सर्टिफिकेटवाला फार्मासिस्ट दुसऱ्या गावात नोकरी करतो, दुकानात त्याचा पुतण्या बसतो. उद्या कायद्याने फार्मासिस्टला सुई दिली, तर ती प्रत्यक्षात कुणाच्या हातात जाईल? डी.फार्मचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वर पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. त्यावर टोचण्याचं शिक्षण जोडता येईल, ते काही अवघड नाही. पण दुकानात माणूसच हजर नसेल तर शिकवायचं कुणाला?

माझं मत विचाराल तर सुरुवात थोड्या लसींनी करावी. फ्लू आणि टीडी, फक्त प्रौढांना, फक्त ज्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट स्वतः दिवसभर असतो तिथे. डॉक्टरचा लेखी आदेश, ॲड्रेनलिनची पेटी, बसायला खुर्ची, तापमानाची रोजची नोंद, विमा. हे सगळं करायला खर्च येतो, म्हणून टोचण्याची फी ठरवून द्यावी. फुकटात करायला लावलं तर पुन्हा पडदा येईल. आणि डॉक्टरांचं म्हणणं की यातून उद्या मेडिकलवाले बाटल्या लावायला लागतील, तेही हसण्यावारी नेऊ नये. सलाइन लावून देणारी दुकानं आजही आहेत.

कुत्रा चावल्यावरची लस मात्र या यादीत कधीच नको. तिथे जखम पाहावी लागते. साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावी लागते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि नुसती लस टोचून घरी पाठवलं तर जीव जाऊ शकतो. ही लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. दंडात देतात तेव्हा पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४, २८ अशा दिवशी. कातडीत देतात तेव्हा दिवस वेगळे. मेडिकलवर थांबून अर्धा दिवस घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

तोवर दुकानात काय विचारायचं

लस विकत घेताना बिल मागा आणि त्यावर बॅच नंबर, मुदत लिहून घ्या. पुढे काही झालं तर बॅच नंबरशिवाय तपासच होत नाही. फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का, हे विचारायला लाजू नका; चांगला दुकानदार उलट दाखवेल. दुकानाने लसीकरण शिबिर ठेवलं असेल तर तिथे डॉक्टर हजर आहे का ते पाहा. बॅनरवर नुसतं नाव छापलेलं पुरत नाही. दुकानाला लागून डॉक्टरची केबिन असेल आणि डॉक्टर तपासून तिथे लस देत असतील, तर त्यात काही गैर नाही. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन नोंदणीकृत नर्स घरी येऊन देत असेल तर चिठ्ठीवर लसीचं नाव, डोस आणि तारीख स्पष्ट असू द्या, आणि झटका आला तर पुढे काय करायचं हे टोचण्याआधी विचारा.

टोचून झाल्यावर वीस-तीस मिनिटं तिथेच बसा. घरी गेल्यावर काही विचित्र वाटलं तर ज्यांनी लस दिली त्यांना कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी हेल्पलाइनही आहे, १८००-१८०-३०२४, मोफत. तिथे रुग्णाला स्वतःलाही तक्रार नोंदवता येते, डॉक्टरनेच करायला हवी असं नाही.